उलट्या जोराची सायकल

(पुण्यातल्या सायकलप्रेमींच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेतल्यांनी कृपया पुढे या. मी दोन हब, म्हणजे चाकाच्या मधले, तारा अडकतात ते भाग, घेऊन आले आहे आणि त्यांच्यातला फरक लांबून दिसायचा नाही. पत्रिकेत विषय छापलाय, 'फिक्स्ड गिअर सायकल : भागांची निवड आणि निगा'. निवड हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आणि निगा हा तुमच्या रोजच्या कामाचा. दोन्ही करायचं आहे. तासाभरात बसवू.

इथे बसलेल्यांना फ्रीव्हील म्हणजे काय ते सांगत बसत नाही. पाय थांबवले तरी साध्या सायकलीचं चाक त्याच्यामुळे फिरत राहतं, आणि तेव्हा मागून जो टकटक आवाज येतो, तो पुण्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या कानात आहे. पेठांमध्ये तासावर सायकली मिळायच्या तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की घरातले ओळखायचे, आला एकदाचा. फिक्सीला, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकलीला, तो आवाज नाही. मागच्या चाकाचा दातेरी कॉग थेट हबवर बसलेला असतो. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरतंय तोवर तुमचे पाय फिरणार. उतारावर पाय टेकवून आराम नाही. वेग कमी करायचा तर फिरत्या पेडलला पायांनी मागे रेटायचं.

आता माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे वेळ कमी पडला तरी ते राहून जाणार नाही. साध्या सायकलीच्या चेनवर जोर एकाच दिशेनं येतो. फिक्सीच्या चेनवर तो दोन्ही दिशांनी येतो. म्हणून फिक्सीचा कुठलाही भाग हातात घेतलात की पहिला प्रश्न एकच विचारा : उलट्या जोराला हा टिकेल का? रंग, वजन, कंपनी, किंमत हे सगळं त्याच्यानंतर.

माझी सगळी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या विभागात झाली. गेजनं आटे तपासायचे आणि पास की नापास ते सांगायचं. त्यामुळे सायकल बघितली की मला आधी तिचे आटे दिसतात. आणि तुम्हाला सांगते, सायकल बनवणाऱ्या जुन्या माणसांनी आट्यांचा फार बारकाईनं विचार केलेला आहे. डावं पेडल डाव्या आट्यांचं असतं. ब्रिटिश पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाचा, उजवीकडचा कपही डाव्या आट्यांचा. कुणाला तरी हौस म्हणून हे झालेलं नाही. फिरताना जोर ज्या दिशेनं येतो त्या जोरानं भाग उलगडत जाऊ नये, म्हणून आटे उलटे पाडले. शंभराहून जास्त वर्षं हे चाललंय आणि आपण रोज त्याच्यावर पाय देऊन उभे राहतो.

आता हे दोन हब बघा. हा डाव्या हातातला साध्या फ्रीव्हीलचा. त्याच्यावर आट्यांची एकच पायरी आहे, १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे. फ्रीव्हील इथे उजव्या आट्यांनी चढतं. पेडल पुढे मारलं की ते आणखी घट्ट होतं, आणि उलटा जोर त्याच्यावर कधी येतच नाही, कारण उलट फिरवलं की आतले खटके सुटून ते मोकळं फिरतं. म्हणून एवढी एकच पायरी त्याला पुरते.

हा उजव्या हातातला खरा ट्रॅक हब, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतींच्या सायकलीचा. याला दोन पायऱ्या आहेत. आतली तीच, १.३७ इंचाची, उजव्या आट्यांची. तिच्यावर कॉग चढतो. तिच्या बाहेर थोडी लहान, १.२९ इंचाची दुसरी पायरी, आणि तिचे आटे डावे. तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला जखडणारी कडी, बसते. लहान का, तर कॉगला तिच्यावरून आत जाता आलं पाहिजे. आणि डावे का, हा या सायकलीतला सगळ्यात सुंदर विचार आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्ही पेडल मागे रेटलं की कॉग सुटायच्या दिशेनं फिरू बघतो. फिरताना तो लॉकरिंगला आपल्याबरोबर ओढतो. पण तिचे आटे डावे असल्यामुळे ती त्याच दिशेनं घट्ट होत जाते. म्हणजे कॉग सुटायचा जितका प्रयत्न करेल तितका तो जास्त जखडला जातो. दोन विरुद्ध आटे आणि एक पातळ कडी, एवढ्यावर माणसाचा जीव सुरक्षित राहतो.

हे हब हातोहात पुढे पाठवा. नखानं पायरी चाचपून बघा, दोन व्यास लगेच कळतील.

आता जे सांगायला मी खरं तर आले आहे ते सांगते. आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फार गोड मुलगा, सायकलीचं वेड लागलेला. त्यानं शिकवण्या करून पैसे साठवले आणि शहरातल्या एका दुकानातून फिक्सी घेतली. दुकानाचं नाव घेत नाही, कारण ही तक्रार एका दुकानापुरती नाही, अशी कामं मी ठिकठिकाणी पाहिलेली आहेत. सायकल दिसायला देखणी. उंच कडांच्या नारिंगी रिम, पांढरी चेन, अरुंद हँडल. पुढचा ब्रेक दुकानदार काढून देणार होता, तसंच छान दिसतं म्हणे. पण त्याच्या आईनं ब्रेकशिवाय सायकल दारात आणायची नाही असं बजावलं, म्हणून तो राहिला.

महिनाभरात मुलगा एका संध्याकाळी सायकल हातानं ढकलत माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "काकू, पाय एकदम मोकळे झाले." चांदणी चौकातून पौड रस्त्यानं कोथरूडकडे उतरत होता. हा उतार तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, संध्याकाळची तिथली गर्दीही माहीत आहे. पुढे बस थांबली, यानं पेडल मागे रेटलं, आणि पायांखालून विरोधच नाहीसा झाला. पेडल नुसती मागे फिरली. पुढचा ब्रेक होता म्हणून तो बसच्या मागे थांबला, बसखाली गेला नाही.

आम्ही चाक खाली उतरवलं. चेन बाजूला केल्यावर कॉग मी चक्क दोन बोटांनी फिरवला आणि तो सरळ बाहेर आला. लॉकरिंग नव्हतीच. ती बसवायला दुसरी पायरीच नव्हती. हब साधा, फ्रीव्हीलचा, आत्ता डाव्या हातात दाखवला तसा. त्याच्या आट्यांमध्ये लाल, वाळलेले, खपलीसारखे कण अडकले होते. आटे चिकटवायला कारखान्यात आम्ही वापरतो ते लाल लिक्विड. मी दाभणानं ते कण काढून कागदावर ठेवले. आट्यांच्या शेवटच्या दोन फेऱ्यांची धार मोडून सपाट झालेली होती. म्हणजे कॉग एकाच दिवशी सुटलेला नव्हता. तो रोज थोडा मागे, थोडा पुढे असा खेळत होता आणि आटे खात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. मालक अगत्यानं बोलले, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, लिक्विड मारलेलं आहे, ते सुटत नाही." मी कॉग टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सुटलाय, म्हणून आले." मग म्हणाले, परत मारून देतो, फुकट देतो. कारागीर आतून म्हणाला, त्याच्यावर बॉटम ब्रॅकेटची रिंग आवळून देतो, मग बघा कसा सुटतो.

इथे मला थांबलं पाहिजे, कारण हा उपाय पुष्कळ जणांना पटतो आणि तो अर्धवट खरा आहे. बॉटम ब्रॅकेटच्या रिंगचे आटे तेच आहेत, १.३७ आणि २४. त्यामुळे ती फ्रीव्हील हबवर चढते, छान बसते, आणि बघणाऱ्याला लॉकरिंग असल्यासारखंच वाटतं. पण ती उजव्या आट्यांची. कॉग सुटायला लागला की ती त्याला अडवत नाही, त्याच्याबरोबरच सुटते. नटवर नट आवळल्यासारखी थोडा वेळ पकड धरते इतकंच. खऱ्या लॉकरिंगमध्ये जोर वाढला की पकड वाढते. इथे जोर वाढला की पकड संपते. पहिलीवर तुम्ही उतार उतरू शकता, दुसरीवर नाही. हे मी त्या कारागिराला दोन हब शेजारी ठेवून दाखवलं. त्याला पटलं, अगदी लगेच पटलं. हात चांगला होता त्याचा. त्याला हे कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

मालक शेवटी एक वाक्य बोलले ते माझ्या मनात घर करून आहे. म्हणाले, "गिऱ्हाईक रिमचा रंग विचारतं मॅडम, हबचं कुणी विचारत नाही." मला त्यांचा रागही आला आणि हेही कळलं की ते खरं बोलतायत. आपण विचारत नाही म्हणून ते देत नाहीत. मंडळी, हे भाषण मी केवळ त्या वाक्यासाठी करते आहे. दुकानात गेलात की पहिलं वाक्य म्हणा : लॉकरिंग काढून दाखवा, हबच्या दोन पायऱ्या बघायच्या आहेत. पुण्यातल्या पन्नास गिऱ्हाइकांनी हे विचारलं की दुकानं आपोआप योग्य हब ठेवायला लागतील.

त्या मुलाचं चाक नव्यानं बांधलं. हबला एका बाजूला कॉग आणि लॉकरिंगची जागा, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलची. चाक उलटं करून बसवलं की सायकल साधी होते. अशा दुहेरी हबला माझं पुण्यापुरतं पहिलं मत. सिंहगडावर किंवा दिवे घाटात जायचं असेल तर उतरताना फ्रीव्हीलची बाजू लावा. मात्र मग पायांचा ब्रेक उरत नाही, तेव्हा मागचा ब्रेकही बसवलेला हवा.

चाक उलटं करण्यावरून आठवलं. टूर द फ्रान्सची पहिली शर्यत १९०३ ची. ती सुरू करणाऱ्या आँरी देग्रांज यांना गिअर बदलायच्या यंत्रणेचा मनस्वी तिटकारा होता. स्वतःच्या पायांऐवजी यंत्रानं डोंगर चढणं त्यांना मान्यच नव्हतं. त्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोवर आल्प्स आणि पिरेनीज चढणारी ती माणसं डोंगराच्या पायथ्याशी उतरायची, नट सैल करायची, चाक उलटं करून मोठा कॉग चेनखाली आणायची आणि चढायला लागायची. माथ्यावर पुन्हा तेच. गारठ्यात, बधिर झालेल्या बोटांनी. आपल्याला सिंहगडाच्या पायथ्याशी टपरीवर चहा घेता घेता ते करता येतं.

आणि जपानचं केरिन, म्हणजे फिक्स्ड गिअरवरच्या ट्रॅक शर्यती. हे १९४८ मध्ये कोकुरा शहरात सुरू झालं. युद्धानंतर शहरांना पैसा हवा होता आणि या शर्यतींवर लोक पैसे लावतात. आता जिथे पैसे लागतात तिथे संशयही येतो. एखाद्याची सायकल दुसऱ्यापेक्षा सरस असेल तर निकालावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तिथे प्रत्येक भाग तपासून, त्यावर एनजेएस असा, तिथल्या सायकल संस्थेचा, शिक्का असलेलाच वापरायचा असा नियम झाला. स्टीलची फ्रेम, साधे हब, पट्ट्यांचे पेडल. मी अशा एका शिक्क्याच्या कॉगचे दात भिंगातून बघितलेत. एकेक दात पुढून आणि मागून अगदी सारखा घासलेला. दोन्ही बाजूंनी जोर येणार हे ज्याला माहीत आहे त्याच्याच हातचं ते काम. तपासणी खात्यात आयुष्य गेलेल्या बाईला याहून मोठा आनंद नाही.

आपल्याकडेही बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, आहे. तरुण मंडळी मला तिथल्या सायकली दाखवून विचारतात, त्यांना कुठे ब्रेक असतो? नसतो, आणि नसावाच. तिथे सगळे एकाच दिशेनं जातात, कुणालाच ब्रेक नाही, म्हणून पुढचा अचानक थांबेल ही भीती कुणालाच नाही. टिळक रोडवर पुढचा अचानक थांबतो. रिक्षा थांबते, पीएमटीची बस थांबते, फोनवर बोलता बोलता माणूस रस्त्याच्या मधोमध थांबतो. हो, मी अजून पीएमटीच म्हणते. सायकल थांबायला लागली की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं. पाय मागच्या चाकाला कितीही रेटोत, ज्या चाकावर वजनच उरलेलं नाही ते सायकल किती धरणार? वजन पुढच्या चाकावर आहे, तर थांबण्याची ताकदही तिथेच आहे. पुढचा ब्रेक बसवून घ्या. याच्यावर मला वाद घालायचा नाही.

आता गिअर. चिठ्ठी आलेली मी बघितली, पंधरा मिनिटं आहेत, हो. पण गिअर नीट सांगू द्या.

बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स, त्यानं १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल मारली, ती फिक्स्ड गिअरवर. पुढे ५२ दात, मागे १४. हे ऐकलं की तरुण पोरांना वाटतं आपणही जड गिअर लावावा. मर्क्सला त्या तासात एकदाही थांबायचं नव्हतं. तुम्हाला डेक्कनपासून स्वारगेटपर्यंत सिग्नलला किती वेळा थांबून पुन्हा निघायचं आहे ते मोजा. आणि जड गिअरवर पायांनी ब्रेक मारणंही जड जातं, हे फार जण विसरतात. पेडलवरचा तुमचा उलटा जोर चाकापर्यंत पोचताना जड गिअरमध्ये कमी होऊन पोचतो.

मी पुण्यासाठी ४४ आणि १७ नं सुरुवात करायला सांगते. ७०० बाय २८ च्या टायरवर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्यांना ताशी साडेसव्वीस किलोमीटर. शहराला भरपूर झाले. उतारावर ताशी ४० गाठलेत तर पाय मिनिटाला १२० वेळा फिरतील, आणि हीच खरी कसोटी. सेनापती बापट रस्ता उतरताना पाय कुठवर शांत फिरतात ते बघा. खोगिरावर उड्या बसायला लागल्या की तो तुमचा कमाल वेग, मग उताराला कितीही जायचं असू दे. गुडघे दुखणाऱ्यांनी, चढाच्या भागात राहणाऱ्यांनी मागे १८ लावावा.

दातांच्या आकड्यात आणखी एक गंमत आहे. मागचं चाक घसरवून थांबायची ज्यांना सवय आहे त्यांचा टायर नेहमी ठरावीक जागीच घासतो, कारण पाय ठरावीक स्थितीतच चाक अडवू शकतात. एकच पाय पुढे ठेवून घसरवलं तर त्या जागा किती? पुढचे दात आणि मागचे दात यांचा अपूर्णांक करा, त्याला संक्षिप्त रूप द्या, खाली जो आकडा उरेल तितक्या जागा. ४८ आणि १६ घेतलेत तर तीन छेद एक. एकच जागा! टायर एकाच ठिकाणी झिजून कापड दिसायला लागेल. ४६ आणि १६ ला आठ जागा. मागे १७ लावलात की १७ ही मूळ संख्या असल्यामुळे सहसा भाग जातच नाही, सतरा जागांवर झीज वाटली जाते. पाचवीतलं गणित आहे, टायर वाचवतं. घसरवण्याचं मी समर्थन करत नाही, पुढचा ब्रेक असताना त्याची गरज नाही, पण करणारे करणारच.

बाकीचे भाग आता भराभर सांगते.

चेन अष्टमांश इंच रुंदीची घ्या, ट्रॅकची. कॉग आणि चेनव्हील, म्हणजे पेडलजवळचं पुढचं दातेरी चाक, त्याच रुंदीचे असतील तर उत्तम. रुंद चेन अरुंद दातांवर चालते, अरुंद चेन रुंद दातांवर बसतच नाही. चेन मागून पुढे एका सरळ रेषेत असली पाहिजे. ट्रॅक हबला फ्रेमच्या मध्यरेषेपासून कॉगपर्यंत ४२ मिलिमीटर हे माप धरतात, पुढचं चेनव्हील तेवढ्याच अंतरावर येईल असा बॉटम ब्रॅकेटचा एक्सल निवडा. चेन वाकडी चालली तर उलट्या जोराला ती उतरते, आणि फिक्सीची चेन उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

क्रँक, म्हणजे पेडल ज्यांना लागतात ते दांडे, १६५ मिलिमीटरचे बरे. वळणावर पाय थांबवून पेडल वर धरता येत नाही, लांब क्रँक असेल तर पेडल रस्त्याला घासतं. घरची जुनी काळी सायकल फिक्सी करायला निघालेले दोघं-तिघं इथे आहेत, त्यांच्यासाठी : मागचं चाक ओढून चेन ताणायची सोय तिला आहे, फ्रेम दणकट आहे, पण कॉटरचे, म्हणजे आडव्या पिनेनं आसाला बसवलेले, क्रँक बदला. कॉटर पिनेला पुढे-मागे धक्के बसले की ती ढिली होते आणि प्रत्येक फेरीला कटकट ऐकू येते. आणि ज्या फ्रेमला चाक सरळ खालून वर बसतं, तिच्यात चेन ताणायची सोयच नसते. ती घेऊ नका.

चाकाला तारा एकमेकींना छेद देत बांधलेल्या हव्यात. हबपासून थेट रिमकडे सरळ गेलेल्या तारा दिसतात छान, पण मागच्या चाकाला पिळाचा जोर दोन्ही दिशांनी बसणार आहे, तो त्यांना झेपत नाही. मागचं चाक क्विक रिलीजनं, म्हणजे हातानं खटका ओढून सुटणारं, नको, १५ मिलिमीटरच्या पान्याचे नट हवेत. पेडलला पट्टा किंवा टो-क्लिप, म्हणजे बुटाचं टोक धरणारी पकड, पाहिजेच. वेगात पाय सुटला तर फिरतं पेडल पोटरीवर आदळतं. आणि फिक्सीवर चपला नकोत. कृपया. ओढणी, सैल पायजमा, बुटाची नाडी, सगळं बांधून. साध्या सायकलीत कपडा चेनमध्ये गेला तर पाय थांबवता येतात, इथे सायकल तो कपडा आत ओढत राहते.

दुसरी चिठ्ठी आली. पाच मिनिटं. निगा, उभ्या उभ्या.

चेनचा ताण रविवारी सकाळी बघा. खालच्या बाजूला मधोमध बोटानं चेन वर-खाली करा, एकूण अर्धा इंच खेळ हवा. पण एकाच जागी बघू नका. चेनव्हील पूर्ण गोल कधीच नसतं, पेडल हळूहळू फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट होते तिथे हा अर्धा इंच मिळाला पाहिजे. फार घट्ट ठेवलीत तर बेअरिंग मरतं, फार सैल ठेवलीत तर पाय मागे रेटताना आधी झटका बसतो आणि मग चेन उतरते. ताण बदलताना दोन्ही नट सैल करा, चाक डावीकडे-उजवीकडे डोलवत मागे न्या, एकदा हा नट एकदा तो नट असं आवळा.

नवा कॉग बसवताना आट्यांना ग्रीस लावा. गोंद नाही, ग्रीस. चेनव्हिपनं, म्हणजे चेनचा तुकडा लावलेल्या दांड्यानं, घट्ट करा, लॉकरिंग तिच्या खाचेत अडकणाऱ्या आकडीच्या पान्यानं आवळा. मग एखादा चांगला चढ चढून या, पर्वतीकडचा रस्ताही पुरे. चढावर कॉग आणखी आत जातो आणि लॉकरिंग सैल पडते, म्हणून आल्यावर ती पुन्हा आवळायची. हे न केल्यामुळे चांगले हबसुद्धा बाद झालेले मी बघितलेत. छिन्नी-हातोडीनं लॉकरिंग मारू नका, तिच्या खाचा तुटतात. पान्याला फार पैसे पडत नाहीत.

चेनची झीज स्टीलच्या पट्टीनं मोजा. नव्या चेनचे बारा पूर्ण दुवे बरोबर बारा इंच भरतात. सोळांश इंच वाढले की चेन बदला. अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर कॉग आणि चेनव्हीलही गेलेलं असतं. पावसाळ्यात आपल्याकडे खोदलेल्या रस्त्यांचा चिखल चेनमध्ये जाऊन पॉलिश पेपरसारखा घासतो, तेव्हा भिजून आलात की त्याच दिवशी पुसून तेल. प्रत्येक रोलरला एक थेंब, मग वरचं सगळं तेल फडक्यानं टिपून घ्या. हबचे कोन आणि छर्रे पावसाळा संपल्यावर उघडा, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, चेनव्हीलचे पाचही बोल्ट आणि क्रँकचे बोल्ट आवळून बघा.

आणि हे लिहूनच घ्या. सायकल स्टँडवर उलटी करून, चाक फिरवून, फिरत्या चेनला फडकं धरून कधीही पुसू नका. साध्या सायकलीत बोट अडकलं तर सहसा चेन थांबते. फिक्सीत फिरत्या चाकाचा सगळा जोर चेनमध्ये असतो. ती थांबत नाही, फडक्याबरोबर बोट कॉगवर नेते. यात लोकांची बोटं गेलेली आहेत. चाक थांबवा, थोडी चेन पुसा, हातानं पुढे सरकवा, पुन्हा थांबवा. घरात लहान मूल असेल तर फिक्सी भिंतीला अशी टेकवा की त्याचा हात चेनपर्यंत पोचणार नाही.

टायरचं राहिलं, प्रश्नोत्तरांत विचारा. खाली जिन्यापाशी टेबल मांडलंय, तिथे चेनव्हिप, लॉकरिंगचा पाना आणि माझं २४ आट्यांचं गेज आहे. ज्यांनी सायकली आणल्यात त्यांनी मागचं चाक उतरवून ठेवावं. ज्या हबला दुसरी पायरी नसेल त्याचा कॉग मी काढून हातात देईन, आणि घरी जाताना सायकल ढकलत न्यायची.